रक्ताचं माणूस

रविवारी दिवेलागण झाली की चंपाबाई केस नीट विंचरून, धुतलेलं पातळ नेसून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत आणि मोबाईल तूरडाळीच्या डब्याला टेकवून ठेवत. त्या वेळी लेकीकडं, इंग्लंडात, दुपार असायची आणि लेकाकडं, अमेरिकेत, सकाळ. आठवडाभर ज्या खोलीत फोडणीशिवाय आवाज होत नसे, तिथं अर्धा-पाऊण तास नुसता कलकलाट चालायचा. चंपाबाईंना स्वतःला बोलायला फारसं मिळत नसे, पण त्यांची तक्रार नव्हती. भांडणाऱ्या लेकरांचा आवाज असला म्हणजे घर भरल्यासारखं वाटतं, मग ती लेकरं पन्नाशीकडं झुकलेली का असेनात.

त्या रविवारी भांडणाचा विषय होता चंपाबाईंचं पोट.

दिवाळीपासून त्यांच्या उजव्या बरगडीखाली कळ यायची. आधी त्यांनी ओवा खाऊन पाहिला, मग शेजारच्या गोजरबाईंनी सांगितला तो काढा घेतला. शेवटी सोनोग्राफी केली तर पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. पिशवीच काढून टाकावी लागेल आणि उशीर करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आई, मी सांगतो तसं कर," राजकुमार म्हणाला. तो डॅलसला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. "जालना रोडला चांगली खाजगी हॉस्पिटलं आहेत. तुला पटेल तो डॉक्टर निवड, एसी खोली घे. पैशाचं मी बघतो. तुझं पोट, तुझा डॉक्टर, तुझी मर्जी."

"मर्जी!" विशाखा लीड्सहून हसली. ती तिथल्या एका लायब्ररीत नोकरीला होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून एकटीच राहायची. "दादा, तू आईला ऑपरेशनला पाठवतोयस का गुलमंडीत साडी घ्यायला?"

"साडी निवडता येते तर डॉक्टर का नाही?"

"कारण साडी पटली नाही तर माणूस दुकानातून उठून येतो. पोटात कळ आलेला माणूस गिऱ्हाईक असतो का रे? तो लोळत असतो."

"तुमच्याकडं सगळं फुकट, म्हणून तर रांगा."

"आणि तुमच्याकडं रांगा नाहीत, कारण निम्मी माणसं बिलाच्या भीतीनं दारापर्यंत जातच नाहीत."

"हे बघ विशू, कुणी जन्मभर दारू ढोसायची, लिव्हर खराब करून घ्यायचं, आणि त्याच्या इलाजाला सरकारनं माझ्या पगारातून कापून घ्यायचं? माझा पैसा कुठं जावा ते मी ठरवणार. ह्यालाच स्वातंत्र्य म्हणतात."

"इंजिनिअरिंगला भारत सरकारची स्कॉलरशिप घेतलीस, तेव्हा कुणाच्या पगारातून कापलं होतं?"

"ती माझ्या हक्काची होती!"

"मग आजारी माणसाला दवाखाना हक्काचा का नाय?"

विशाखा चिडली की तिच्या तोंडी असा गावाकडचा 'नाय' यायचा. चंपाबाई तो ऐकून मनातल्या मनात सुखावल्या. एवढी वर्षं झाली, पण चिडायला अजून पोरीला आपलीच भाषा लागते.

पण त्यांना नवलही वाटायचं. ही दोघं एकाच सरकारी दवाखान्यात जन्मली. एकाच नर्सबाईनं दोघांच्या दंडावर लस टोचली होती, रेशनच्या रांगेत दोघं आळीपाळीनं उभी राहिली होती. आणि आता एक अमेरिकेच्या तोंडानं बोलतो, दुसरी इंग्लंडच्या. राजा म्हणतो, सरकारनं माणसाच्या अंगाला हात लावू नये. विशू म्हणते, सरकारनं हात काढून घेऊ नये. चंपाबाईंनी शहागंजजवळच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. दोघांचंही म्हणणं वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखं होतं. मात्र दोघांपैकी कुणी अजून असं म्हटलं नव्हतं की, आई, मी येतो.

"तू बोल ना आई," विशाखा म्हणाली. "तुला कुठं करायचंय?"

"सरकारी दवाखान्यात."

"शाब्बास!" विशाखानं टाळी वाजवली. "बघ दादा. तत्त्वाची बाई आहे माझी आई."

राजकुमारनं कपाळाला हात लावला. "तत्त्व कसलं, कंजूषपणा आहे. बाबांच्या पेन्शनचा रुपयासुद्धा मोडवत नाही हिला."

"पण तिथं एक अडचण आहे," चंपाबाई म्हणाल्या. त्यांची नजर मोबाईलवरून सरकून डब्याच्या झाकणावर गेली. "दाखल करून घेताना सोबत रक्ताचं माणूस लागतं म्हणे. पोटचा मुलगा नाहीतर मुलगी. सही त्यांचीच चालते."

मग राजकुमार म्हणाला, "बरं, बघतो मी रजेचं," आणि विशाखा म्हणाली, "मी पण बघते."

हे रक्ताचं माणूस प्रकरण चंपाबाईंनी स्वतःच्या मनानं रचलं होतं.

दवाखान्यात त्या गोजरबाईंना सोबत घेऊन गेल्या होत्या. तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती, सगळे संस्कृतीमॅडम म्हणत होते तिला. दारात ही गर्दी. तिनं कागदावरून मान न उचलताच सांगितलं, "आजी, दाखल व्हायला याल तेव्हा सोबत माणूस आणा. औषधं आणायला, नमुने पोचवायला, रात्री उठवायला-बसवायला कुणीतरी लागतं. एकट्या येऊ नका."

"कोण माणूस?"

"कुणीही चालेल. घरचं, शेजारचं. माणूस असलं म्हणजे झालं."

गोजरबाई तेव्हा बाहेर बाकावर बसून पायाला बाम चोळत होत्या. त्यांनी हे ऐकलं नव्हतं.

परत निघताना चंपाबाई वाट चुकून बायकांच्या वॉर्डासमोर गेल्या आणि दारातच थबकल्या. खाटेगणिक एक माणूस होतं. कुणी पाय चेपत होती, कुणी डब्यातली पातळ डाळ भाकरीवर ओतून चिवडत होती. एक म्हातारी खाटेखाली सतरंजी टाकून घोरत होती आणि खाटेवरची तिची सून वरून हात सोडून तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. आजारी कोण आणि सोबतीला कोण तेच कळेना. चंपाबाईंना स्वतःचं बाळंतपण आठवलं. राजाच्या वेळी त्यांच्या सासूबाई सिल्लोडकडच्या गावाहून एसटीनं आल्या होत्या, कडेला पाण्याची कळशी आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन. शहरात लाकडं मिळतात की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली त्यांनी तीन दगड मांडले, डिंक तळला, आणि घरी जायचं नाव म्हणून काढलं नाही. डॉक्टर हाकलायचे तेव्हा त्या खाटेमागं जाऊन बसायच्या. डॉक्टर गेले की पुन्हा पुढं. चंपाबाई शिकलेल्या, नागसेनवनात कॉलेजला गेलेल्या. त्यांना त्या वेळी सासूची लाज वाटली होती. आता त्या वॉर्डाच्या दारात त्यांना वाटलं, आपल्याही खाटेमागं असं कुणी बसायला हवं.

आणि त्यांचे यजमान, सखाराम, गेले ते खाजगी दवाखान्यात. राजानंच तिथं ठेवायला लावलं होतं. दवाखाना चांगला होता, सगळे मन लावून करत होते, कुणाला बोल लावायला जागा नव्हती. पण तिथं माणसाची गरजच नव्हती. काचेच्या दारापलीकडं यंत्रं होती, नर्स होत्या, आणि दाराअलीकडं खुर्चीवर चंपाबाई. पहाटे एक मुलगी येऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सर गेले." आयुष्यभर महापालिकेच्या पाण्याच्या टाक्यांवर काम केलेल्या माणसाला कुणी सर म्हटलेलं चंपाबाईंनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. शेवटच्या वेळी त्यांच्या तोंडात पाणी कुणी घातलं, घातलं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

रिक्षातून घरी येताना चंपाबाईंच्या मनानं घेतलं. खाजगीत गेलं की पैसा पुरतो. पैसा डॅलसहून येतो, त्याला रजा लागत नाही. सरकारीत माणूस लागतं. मग सरकारीतच जायचं. आणि 'कुणीही' हा शब्द तेवढा पोटात ठेवायचा.

पहिली तारीख आली तेव्हा राजानं कळवलं की ह्या महिन्यात जमत नाही. चंपाबाईंनी दवाखान्यात सांगितलं, मुलगा यायचाय. दुसरी तारीख मिळाली. त्या वेळी विशाखा म्हणाली, "आई, थोडं पुढं ढकलता येईल का गं?" चंपाबाईंनी पुन्हा जाऊन सांगितलं, मुलगी यायचीय. संस्कृतीमॅडम या खेपेला कागदावरून मान वर करून म्हणाल्या, "आजी, खडा सरकला तर तो मुलाची वाट बघत नाही."

"येतेय हो. निघालीच आहे," चंपाबाई म्हणाल्या.

घरी गोजरबाई वाटच बघत असायच्या. त्या अजिंठ्याकडच्या. नवरा गेल्यावर दोन लेकांकडं शहरात आल्या आणि चंपाबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहू लागल्या. त्यांचं घर म्हणजे धर्मशाळा, पोरं-सुना-नातवंडं मिळून दारात चपलांचा ढीग. सगळ्यांची जेवणं उरकली की त्या वाटीत काहीतरी झाकून घेऊन चंपाबाईंकडं येऊन बसत.

"येसराची आमटी आणलीय."

"मला तेलकट चालत नाही गोजरबाई."

"मग वास घ्या. डागदरनं वास बंद केला नसंल." त्या पदरानं वारा घेत बसल्या. "काय म्हणतेत लेकरं? कवा येतेत?"

"बघताहेत रजेचं."

"बघू द्या. बघायला का पैसं पडतेत." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बाई, मी येते की तुमच्यासंगं. मला का काम हाय? दोन दिस तिथं, दोन दिस हितं."

"तसं चालत नाही तिथं. रक्ताचंच माणूस लागतं."

गोजरबाईंनी चंपाबाईंकडं एकवार पाहिलं. मग वाटी उचलली. "व्हय का? असंल बा. आमी अडाणी. आमाला काय ठाव," असं म्हणून त्या उठल्या. चंपाबाईंना वाटलं, पटलं त्यांना.

त्यानंतर कळ आली ती ऐन दुपारी. चंपाबाई गॅसपाशी होत्या. बरगडीखालून निघून ती पाठीत गेली आणि तिथून उजव्या खांद्यात शिरली. त्यांनी ओटा धरला, मग खाली बसल्या, मग फरशीवर आडव्याच झाल्या. भिंतीपलीकडं गोजरबाईंच्या नातवंडांचा दंगा चालला होता. एक हाक मारली असती तर सगळं घर धावून आलं असतं. चंपाबाईंनी मारली नाही. आपण हाक कुणाला मारायची हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं आणि ती माणसं हाकेच्या टप्प्यात नव्हती. बऱ्याच वेळानं कळ ओसरली तेव्हा गॅसवरची डाळ करपून काळी झाली होती.

पुढच्या रविवारी मोबाईल लावला तर दोघांचे चेहरे आधीच उतरलेले. आपसात काहीतरी बोलणं झालेलं होतं.

"आई," राजकुमारनं सुरुवात केली, "माझा वर्गमित्र आठवतो, गोकुळ? घरी अभ्यासाला यायचा."

"पोहे कच्चे खायचा तो?"

"हां, तोच. त्याची बायको त्याच दवाखान्यात सिस्टर आहे. काल मी फोन केला होता." तो थांबला. "ती म्हणाली, असा काही नियम नाही. कुणीही चालतं. शेजारचं, गावाकडचं, कुणीही. मुला-मुलीचीच सही लागते असं मावशींना कोण म्हणालं?"

चंपाबाईंनी पदर सारखा केला. चोरी पकडलेल्या पोराला आपण वर्गात उभं करायचो तेव्हा ते पायाच्या अंगठ्याकडं का बघत राहायचं, ते त्यांना आज कळलं.

"कुणीच नाही म्हणालं," त्या म्हणाल्या. "मीच बोलले."

"पण का, आई?"

"खाजगीत माणूस लागत नाही ना राजा. पैसे भरले की झालं. सरकारीत लागतं. म्हणून म्हटलं, सरकारी."

विशाखाच्या खिडकीबाहेर पाऊस पडत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी इकडं सगळ्यांना सांगत सुटले," विशाखा कशीबशी हसत म्हणाली, "की माझी आई तत्त्वासाठी सरकारी दवाखान्यात जाते."

"आणि मी कंजूष म्हणालो," राजकुमार म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम चढला. "आई, मला यायचं नाही असं नाही गं! कंपनीत माणसं कमी करताहेत. लांब रजेवर जातात त्यांचीच नावं आधी लागतात. नोकरी गेली की विमा जातो. आणि विमा गेला तर ऋतुराजचं इन्सुलिन..." ऋतुराज त्याचा मुलगा. लहानपणापासून त्याला साखरेचा आजार. "त्याचं एक दिवसही चुकवून चालत नाही. मी हललो आणि इकडं काही झालं तर?"

"हे तुझं स्वातंत्र्य," विशाखा म्हणाली. "स्वतःच्या आईला भेटायचीसुद्धा चोरी."

"तू नको बोलूस हां विशू! तुझं सांगू का आईला?"

"दादा, नाही. आपलं ठरलं होतं."

"आई, विशूलापण खडे आहेत. तुझ्यासारखेच. वर्ष होऊन गेलं, रांगेत नाव आहे तिचं. तारीख कधी येईल ते सांगत नाहीत, आणि आली तेव्हा ही तिथं नसली तर नाव पुन्हा मागं. म्हणून जागची हलत नाही ती. ही तिची समता."

"सांगितलंस! झालं समाधान?" विशाखानं तोंड फिरवलं.

एरवी इथून पुढं पाऊण तास जुंपली असती. आज मात्र चंपाबाईंनी पहिल्यांदाच मोबाईल डब्याचा आधार सोडवून हातात घेतला, तोंडाजवळ आणला.

"विशू. इकडं बघ. कळ पाठीत जाते?"

"हो."

"आणि मग खांद्यात?"

"उजव्या."

"तेव्हा काय करतेस?"

"काही नाही. बाथरूममध्ये जाऊन खाली बसते. फरशी गार असते ना, बरं वाटतं."

चंपाबाईंनी मान हलवली. यावर कुणाला काही शिकवण्यासारखं उरलं नव्हतं. "बरं. आता तुम्ही दोघं आपापली कामं करा," त्या म्हणाल्या. "कुणी रजेचं बघू नका. माझं माझं मी करते." आणि फोन त्यांनी स्वतः बंद केला. एरवी तो नेहमी पलीकडूनच बंद व्हायचा.

गोजरबाईंच्या दाराशी जायला चार पावलं लागत. त्या सोमवारी चंपाबाईंना ती जड गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. गोजरबाई अंगणात लसणाच्या पाकळ्या सोलत बसल्या होत्या. त्यांनी सरकून पोत्यावर जागा केली, पण तोंडानं 'बसा' म्हटलं नाही.

"गोजरबाई, दवाखान्यात याल का माझ्याबरोबर?"

"आँ? रगताचं माणूस लागतंय ना? माझं रगत तर अजिंठ्याचं."

"नाही लागत. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"ठाव हाय मला."

चंपाबाईंनी मान वर केली.

"दोन सुनांची बाळंतपणं त्याच दवाखान्यात केलीत म्या," गोजरबाई लसणावरची नजर न काढता म्हणाल्या. "एका खेपेला तर पलीकडच्या खाटंवरच्या बाईचं माणूस पळून गेलं व्हतं, तवा तिचं बी मीच केलं. कोण बाई, कुठली बाई, नाव सुदीक नाय विचारलं. मला शिकवता व्हय रगताचं?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमाला तुमची लेकरं पायजे व्हती. म्या मधी कशाला कडमडू?" त्यांनी सालं फुंकून उडवली. "पर एक सांगते बाई. लागलं मला. रोज वाटी घिऊन येते, आन तुमी मला माणसात धरलं नाय."

चंपाबाईंना वाटलं, त्यांचा हात धरावा. त्यांच्यानं झालं नाही. त्या पोत्यावर बसल्या आणि लसणाचा एक गड्डा ओढून घेऊन सोलू लागल्या. दोघींनी मिळून सगळा लसूण संपवला.

"कवा निघायचं?" शेवटी गोजरबाईंनी विचारलं.

"बुधवारची तारीख मिळालीय, तेव्हा दाखल व्हायचं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी."

"बुधवारी दिसभर हाय मी. पर बेस्तरवारी पहाटं आपल्या गल्लीत नळ सुटतोय. आठ दिसानं पाणी, घरात मी लागते. सुनांना मोटर लावता येत नाय, भांडत बसतेत. रातच्याला मला घरी यावं लागंल. पाणी भरलं की येते तशीच वल्ल्या पदरानं."

"चालेल. तुम्ही याल तेव्हा या."

बुधवारी सगळं झालं तसं. सहीच्या जागी गोजरबाईंनी अंगठा दिला. नातं काय, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शेजारीण." चंपाबाईंना वाटलं होतं की त्या बहीण म्हणतील. पण गोजरबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

ऊन उतरल्यावर त्यांनी खाट झटकली, तांब्या भरून उशाशी ठेवला, शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या खालाला सांगितलं, "जरा ध्यान रखो हमारे बाई पे. कल सुबह में आती मैं." खाला, म्हणजे मावशी, आपल्या भाचीच्या सोबतीला आलेली. ती हसून म्हणाली, "जाव तुम. हम है ना." मग गोजरबाई पिशवी काखोटीला मारून निघाल्या. दारापाशी वळून त्यांनी बघितलं नाही. त्यांना शहर बस गाठायची होती.

वॉर्डात डबे उघडायला लागले. लसणाचा, ज्वारीच्या भाकरीचा वास पसरला. चंपाबाईंना काही खायचं नव्हतं. त्या बसून राहिल्या. प्रत्येक खाटेवर दोन-दोन डोकी जवळ आली होती, घास भरवणारे हात दिसत होते. खालानं आपल्या भाचीची वेणी घालायला घेतली.

फोन वाजला. रविवार नव्हता, तरी विशाखाचा होता.

"आई, दाखल झालीस? कोण आहे गं जवळ?"

"गोजरबाई आहेत. आता घरी गेल्यात. उद्या पाण्याचा दिवस."

"म्हणजे आत्ता कुणी नाही?"

"वॉर्ड भरलाय गं माणसांनी." चंपाबाईंनी आवाज खाली आणला. "विशू, तुझी तारीख आली की तुझ्याजवळ कोण असेल?"

"इथं कुणी लागत नाही आई. सगळं नर्स करतात. खरंच फार छान करतात."

"करत असतील. मी विचारलं, कोण असेल?"

पलीकडं विशाखानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी येते," चंपाबाई म्हणाल्या. "माझे हे टाके भरले की व्हिसाचं बघ. मी येऊन बसते तुझ्यापाशी."

"आई, रात्री राहू देत नाहीत इथं. भेटायच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा."

"तेवढाच बसेन."

"आणि इथं आल्यावर तुलाच काही झालं तर? फुकट आहे ते आमच्यापुरतं. बाहेरून आलेल्यांना बिल लावतात."

"तुझं सरकार तुझी आई धरत नाही?"

"नाही गं."

"आणि राजाची कंपनी?"

"त्याची पण नाही धरत."

चंपाबाईंना हसू आलं. पोट दुखलं म्हणून त्यांनी ते आवरलं. त्यांना मायदेशाचा अभिमान वगैरे वाटला असं नाही. उद्या आपलं पोट फुकट उघडतील आणि फुकट शिवतील, हे खरं होतं. मुलगी श्रीमंत देशात रांगेत उभी होती आणि मुलगा त्याहून श्रीमंत देशात खुंटीला बांधलेला होता, हेही खरं होतं. पण ह्या सगळ्यात कुणाचं काय चुकलं, ते शोधायला बसलं तर रात्र पुरली नसती, आणि उत्तर सापडून खाटेजवळ कुणी येऊन बसलं नसतं.

"विशू, तारीख आली की सांग. लपवू नकोस."

"सांगते."

"आणि भरती होशील त्या दिवशी फोन चालू ठेव. मी बोलत बसेन. तू नाही बोललीस तरी चालेल. फोन उशाशी ठेवायला तर बंदी नाही ना?"

"नाही," विशाखा म्हणाली. "त्याला बंदी नाही. आई, तू पण ठेव ना आत्ता. मी आहे. मला आज काही काम नाही."

चंपाबाईंनी मोबाईल उशीवर कानाजवळ ठेवला आणि आडव्या झाल्या. पलीकडून विशाखा काय काय सांगत राहिली, लायब्ररीतल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट, तिच्या गल्लीतल्या मांजरीची. मग बोलणं विरळ झालं आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला. थोड्या वेळानं तोही थांबला. बॅटरी संपली होती. चार्जर घरी राहिला होता, टेबलावर.

ड्युटीवरची सिस्टर रात्रीच्या गोळ्या वाटत खाटांमधून आली. चंपाबाईंच्या खाटेपाशी तिनं इकडं तिकडं पाहिलं.

"आजी, सोबत कोण आहे?"

"सकाळी येईल," चंपाबाई म्हणाल्या.

सिस्टरनं मान हलवली, गोळी हातावर ठेवली आणि पुढच्या खाटेकडं गेली. चंपाबाई उजव्या कुशीवर वळल्या. त्या बाजूला दुखत होतं, पण डाव्या बाजूला खाला भाचीला थोपटत होती, आणि ते बघायचं नव्हतं.